अर्ध्या इंचाची फट

ही गोष्ट मी सांगायची नाही, असे ठरले होते. जिची ती आहे तिचे म्हणणे, "चूक माझी होती, ती गॅरेजबाहेर जायला नको." पण त्या चुकीनंतर जे घडले ते चुकीपेक्षा मोठे आहे, म्हणून सांगते.

एकदा एका म्हाताऱ्या मिस्त्रीने, शर्यत दुसऱ्या दिवसावर आलेली असताना, आपले सगळे पाने कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. त्यांचे नाव बाबालाल. घाटाखालच्या त्या गावात सगळे त्यांना चाचा म्हणत. पद्मजा ही त्यांची शिष्या. कुलूप लागले तेव्हा ती अंगभर काळ्या तेलाने माखलेली होती आणि घड्याळात दोन वाजले होते.

शर्यत होती चिखल, ओढे आणि दगडांच्या चढांवरची. त्याच संध्याकाळी सहाच्या आत गाडी मैदानावर तपासणीला उभी राहिली नाही, तर यादीतून नाव कटणार होते. आणि यंदा त्या यादीत चालक म्हणून पद्मजाचे नाव होते. गाडी एका गुळाच्या व्यापाऱ्याची. आजवर तो बाहेरून चालक आणत असे. पद्मजा गाडी बांधायची आणि कडेला उभी राहून बघायची. या वेळी तोच म्हणाला होता, "बांधतेस तू, तर चालव पण तूच." असा शब्द तो दुसऱ्यांदा देईल, याची तिला खात्री नव्हती.

गाडीतले इंजिन एका पिकअपचे, डिझेलवरचे. त्याला जोडायचा गिअरबॉक्स दुसऱ्याच कंपनीच्या मोठ्या पेट्रोल गाडीतला, आपोआप गिअर बदलणारा. चिखलात क्लचशी झटापट नको म्हणून घेतलेला. दोघांची तोंडे जुळत नव्हती. महिनाभर मापे घेऊन, मध्ये बसेल अशी जाड प्लेट चाचा आणि पद्मजाने लेथवर करून घेतली होती.

त्या दिवशी सकाळी चाचा बाहेर गेले असताना पद्मजाने बॉक्स चढवला. बोल्ट आपापल्या छिद्रांत बरोबर गेले. बॉक्स आणि प्लेट यांच्यात फक्त अर्ध्या इंचाची फट राहिली. तिने पाना घेतला. या बोल्टला अर्धा फेरा, समोरच्याला अर्धा फेरा, असे आवळत आवळत तिने ती फट मिटवली. दिसायला काम सुरेख झाले. इंजिन सुरू केले तेव्हा मात्र आतून दळल्यासारखा आवाज आला आणि गाडी तसूभरही हलली नाही. बॉक्स उतरवून उघडला, तर आतला तेलाचा पंप तडकलेला.

चाचा परत आले. त्यांनी पंप पाहिला, पण रागावले नाहीत. माळ्यावर पडलेल्या तसल्याच जुन्या बॉक्समधला पंप काढून बसवला आणि मग कपाटाला कुलूप घातले.

"आता लाव," ते म्हणाले.

"कशानं?"

"हातानं. खाली जॅक आहे, वर दोन हात आहेत."

एवढे बोलून ते दारातल्या बाकावर बसले आणि शेंगा फोडू लागले.

पद्मजाने बॉक्स जॅकवर चढवून इंजिनाला भिडवला. पुन्हा तीच फट. खाली घेतला, पुसला, पुन्हा चढवला. तीच फट. ती दारापर्यंत जाई, चाचांकडे बघे, परत येई. अडीच वाजले.

तीनला व्यापारी आला. "चाचा, किल्ली द्या. नाहीतर शेजारनं पाने आणतो."

"आणा की. मग गाडी पण तिकडंच न्या."

"ह्यांच्यापेक्षा आमचा गूळ रांधणारा गुळव्या बरा," व्यापारी पद्मजाला म्हणाला. "उशीर करतो, पण रस उकळायच्या काहिलीला कुलूप तर लावत नाही."

पद्मजाला हसू आले नाही. तिचा आवाज चढला. "चाचा, शिक्षाच करायची तर परवा करा. आज नको."

"शिक्षा कसली, पोरी? हातात पाना असला की तुला फट दिसते. ती का पडली ते दिसत नाही."

ती परत आत गेली. आता रागानेच तिने बॉक्स खाली घेतला. त्याच्या तोंडात कन्व्हर्टर बसतो, दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा जड गोल डबा. इंजिनाचा जोर तो आतल्या तेलातून बॉक्सकडे पोहोचवतो. सकाळी आणि पंप बदलल्यावरही तिने तो फिरवून आत सारला होता, दोन्ही वेळा दोनच खटके लागले होते, आणि तेवढ्यावर तो बसला असे तिने धरले होते. तिने दोन्ही तळवे त्यावर टेकवले. ढकलले नाही, नुसते फिरवत राहिली. बराच वेळ काही झाले नाही. मग तळव्यांखाली तो डबा आपसूक आणखी आत उतरला, आणि तिसरा खटका लागला: त्याचे टोक आता कुठे पंपाच्या खाचेत बसले होते.

तिने बॉक्स चढवला. तो प्लेटला असा टेकला की मध्ये नख शिरेना. अजून एकही बोल्ट लागलेला नव्हता.

चाचा उठून आत आले. किल्ली तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "बोल्ट राखणदार असतो, पोरी. जुळलेलं सुटू नये म्हणून तो उभा राहतो. सकाळी तू त्याला ओढायला लावलंस. त्यानं ओढलं. लोखंडाला जोर कळतो, चूक कळत नाही. ती फट तुला सांगत होती की आत काहीतरी अजून बसलेलं नाही. तू तिचं ऐकायच्या आधी तिचं तोंड दाबलंस. प्लेट करणं, छिद्रं पाडणं आपलं काम. शेवटचा अर्धा इंच इंजिन आणि बॉक्सनं आपणहून मिटवायचा असतो."

सहाला दहा मिनिटे असताना गाडी तपासणीला उभी राहिली आणि पास झाली. दुसऱ्या दिवशी पद्मजा चौदा गाड्यांत पाचवी आली. "पाचव्याला काय, गुळाची ढेप पण मिळत नाही," व्यापारी कुरकुरला; पण पुढच्या शर्यतीच्या अर्जावर त्याने तिचेच नाव लिहिले. चाचांनी एवढेच विचारले, "चढावर गिअर बदलताना झटका दिला?"

"नाही. कधी बदलला, कळलं पण नाही."

"मग झालं."

माणसामाणसांत फट राहिली, की आपणही तिला घाईने आवळत बसतो, आणि वरून जुळलेले दिसले की हात झटकतो. तेव्हा पुढच्या वेळी जोर लावण्याआधी आपण एकदा ती फट का पडली ते— आले गं आई, आले! नाही गं, तुझी ती गॅरेजातली गोष्ट कुणाला सांगत नाहीये.