थेंबकरीण आणि फुटलेलं पातं

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. सांगताना अजून माझं डोकं फिरतं, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे घरोघरी पडवीतल्या खोलीत एक लहानसं यंत्र असे. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरे, चाकाच्या जोरावर पोलादी पातं फिरे, आणि पात्याखाली धातू धरून गावकरी हवा तो आकार कापून काढत. हे काम करणाऱ्याला कातारी म्हणत.

त्या भागात एक पांढरा, हलका धातू मिळे. मऊ होता, म्हणून कापायला सोपा वाटे, पण होता मोठा लबाड. तापला की त्याचा कीस पात्याच्या दातांत चिकटून बसे. दात बुजले की पातं कापत नाही, नुसतं घासतं. घासलं की आणखी तापतं, आणि मग कामाची माती होते.

म्हणून प्रत्येक यंत्रापाशी एक थेंबकरी बसे. हातात शेळीचं शिंग, त्याच्या टोकाला बारीक भोक, आत करडईचं तेल. पायाखाली कातड्याचा भाता. पात्याच्या धारेवर थेंब थेंब तेल सोडायचं आणि भात्याने फुंकून कीस उडवायचा, एवढंच काम. आणि गावाचा एक नियम होता. यंत्र चालू असताना कोणी तोंड उघडायचं नाही. ‘थांब’ म्हणायचा अधिकार एकट्या थेंबकऱ्याचा. तो थांब म्हणाला की कातारी दोरी ओढून पाणी तोडणार, समोर राजा उभा असला तरी.

तर त्या गावात एक म्हातारी थेंबकरीण होती. तिचा पुतण्या कातारी होता. वीस वर्षं दोघं एकाच यंत्रावर बसत होती.

डोंगरावर एक वाडी होती आणि वाडीत पाण्याचा टिपूस नव्हता. बायका खालून हंडे भरून नेत. राजाने तिथे पाणी चढवण्यासाठी रहाट उभा केला. त्याचं एक दातेरी चाक तेवढं बाकी होतं, ते पांढऱ्या धातूचं, आणि ते या काकू-पुतण्याकडे आलं होतं. म्हातारीची लेक त्याच वाडीत दिलेली. तिला आठवा महिना लागला होता, तरी दिवसाला चार खेपा चुकत नव्हत्या. म्हणून म्हातारी एकेक थेंब जिवापाड जपून सोडत होती. शिवाय पातं एकच होतं. तसं पोलाद करणारा लोहार सात डोंगर पलीकडे राही, आणि दुसरं पातं यायला वर्ष लागे.

चाकाचे चाळीस दात पाडायचे होते. एकतीस झाले, तेव्हा राजाचा कारभारी दारात येऊन उभा राहिला.

“अजून नऊ दात? परवा महाराज रहाट फिरवायला येतायत. मी शब्द दिलाय त्यांना!”

“शब्द देण्याआधी आम्हाला विचारायचं होतंत,” म्हातारी म्हणाली.

कारभारी बघत उभा राहिला. म्हातारी थेंब सोडी, फुंकर मारी, मध्येच ‘थांब’ म्हणे, काडीने खाच साफ करी, मग पुन्हा यंत्र सुरू होई. त्याला ते बघवेना.

“राजधानीत यंत्रांवर तेलाची धार सोडतात, धार! आणि ही बाई थेंब गाळत बसलीय.”

“तिकडची यंत्रं लोखंडी आहेत, कारभारी. आमची चौकट लाकडाची. धार सोडली तर लाकूड फुगेल आणि पातं वाकडं चालेल. लहान यंत्राला थेंब आणि फुंकर, एवढंच लागतं.”

“मग काहीच नको! मऊ तर धातू आहे. तापलंच तर हा घडा भरून ठेवलाय. ओतू पाणी.”

“तापल्या पात्यावर गार पाणी? फुटेल ते!”

“तू बाहेर हो, म्हातारे. तुझ्या थांब-थांबमुळेच वेळ जातोय.”

म्हातारीने पुतण्याकडे बघितलं. पुतण्याने जमिनीकडे बघितलं.

मला कारभाऱ्याचा राग येतो, पण त्याहून जास्त या माणसाचा येतो. कारभाऱ्याला काही कळत नव्हतं, ते एक सोडा. याला सगळं कळत होतं. वीस वर्षं म्हातारीच्या शेजारी बसून हा पात्याचा आवाज ओळखायला शिकला होता. आणि ऐन वेळी याच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

म्हातारी बाहेर गेली. कारभाऱ्याने दार लावून घेतलं.

कोरड्या पात्याने पहिला दात झटपट पाडला. दुसराही पाडला. “बघितलंस?” कारभारी हसला. तिसऱ्या दाताला पात्याचा आवाज बदलला. आधी जड झाला, मग कानठळ्या बसतील असा कर्कश झाला.

बाहेर म्हातारी ताडकन उठली आणि दारावर मुठी आपटू लागली. “थांब! अरे थांब, दात बुजलेत!”

कातारी ऐकत होता. त्याचा हात दोरीकडे गेला.

“मी सांगितल्याशिवाय नाही,” कारभारी म्हणाला.

हात मागे आला. धूर निघाला. कारभाऱ्याने घडा उचलला आणि सगळं पाणी तापलेल्या पात्यावर ओतलं. ताड असा आवाज झाला. पात्याचे दोन तुकडे झाले, आणि एक तुकडा दातेरी चाकात घुसून त्याला आरपार चीर गेली.

ठरल्या दिवशी राजा आला. कारभारी पुढे धावला. “महाराज, या म्हातारीने बाहेर बसून शिव्याशाप दिले, म्हणून पातं फुटलं.”

राजाने पात्याचा तुकडा हातात घेतला. दातांत पांढरा धातू गच्च बसला होता. त्याने तुकडा नाकाशी नेला. “याला तेलाचा वास का येत नाही?”

कातारी पुटपुटला, “काकू जागेवर नव्हती, महाराज. थांब म्हणायचा मान तिचा. मी कसा म्हणणार?”

तेव्हा म्हातारीचा बांध फुटला. “मान? नियम पातं वाचवायला केला होता मेल्या, तुझी जीभ लपवायला नाही! माझी पोर पोट सांभाळत डोंगर चढते, आणि तू मला मान सांगतोस?”

राजाने तिथेच निवाडा केला. नवं पातं येईपर्यंत वाडीचं पाणी या दोघांनी वाहायचं. एका कावडीला कारभारी, दुसरीला कातारी.

दोन दिवसांत कारभाऱ्याचा खांदा सोलून निघाला. तिसऱ्या दिवशी तो म्हातारीच्या दारात आला. “आई, खांद्याला लावायला थोडं तेल द्या.”

“कातडं निघाल्यावर आलास होय रे? आता झोंबेल, बस बोंबलत! उद्यापासून कावड उचलायच्या आधी यायचं.”

दुसऱ्या दिवशी तो आधी आला. म्हातारीने शिंगातलं तेल त्याच्या खांद्यावर सोडलं, आणि सोडताना त्याच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले. हे वर्षभर रोज चाललं. तिने त्याला माफ केलं नाही, पण तेल एक दिवसही चुकवलं नाही. लेकीला मुलगी झाली, तिची पहिली अंघोळ कारभाऱ्याने वर नेलेल्या पाण्याने झाली.

वर्षाने नवं पातं आलं, चाक झालं, रहाट फिरला. गावाने जुना नियम मोडून टाकला. आता त्या गावात ज्याला आवाज कळतो, तो कोणीही असो, त्याने ‘थांब’ म्हणायचंच असतं.

तात्पर्य: जळण्याआधी दिलेला थेंबच वाचवतो, आणि कळत असून गप्प बसणारा माणूस घडा ओतणाऱ्याइतकाच दोषी असतो.