जौनपुरीची दुसरी बाजू

“…पण अक्का, ऐकायला शिकवता येतं की नाही, तेवढं तरी सांगा!”

अंबरीश देवस्थळींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. शेवंताअक्का ओसरीवर बसून मेथी निवडत होत्या.

“गाणं शिकवा म्हणून येतात माझ्याकडं,” अक्का म्हणाल्या. “ऐकायला शिकवा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच.”

आता देवस्थळी म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. पुण्यातल्या घरी चार हजार रेकॉर्डी. दर रविवारी पेपरात गाण्यावर लिहिणार, आणि काय लिहितात या धास्तीनं भले भले गवई शनिवारी नीट जेवायचे नाहीत. असा माणूस मिरजेला येऊन ऐंशी वर्षांच्या गाणाऱ्या बाईंपुढे मांडी घालून बसला होता, तो काही हौसेनं नव्हे.

“आठ वर्षं झाली, अक्का. मनाला काही लागतच नाही. रेकॉर्ड लावतो, चुका तेवढ्या सापडतात. एवढं ऐकतो आणि कोरडाच्या कोरडा उठतो. कधीकधी भीती वाटते हो… की संपलं हे आपलं.”

अक्कांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“पूर्वी लागायचं?”

“म्हणजे काय!” देवस्थळींनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “मला घडवलं त्या या वीस रेकॉर्डी. क्रमानं लिहून आणल्यात. चौदाव्या वर्षी ऐकलेला मारवा. मग कॉलेजातल्या सरोदच्या दोन. मग लंडनहून मागवलेली पियानोची…”

वाचता वाचता गडी रंगात आला. कुठली कितव्या आवृत्तीची, कुठलं कव्हर अस्सल, कुठल्या रेकॉर्डीसाठी कोण कोण टपून बसलं होतं, सगळं सांगून झालं. अक्का नुसत्या “हं… हं…” करत होत्या. विसावी संपली.

“माझी नाही वाटतं?” अक्कांनी मिस्कीलपणे विचारलं. “जन्मात एकच निघाली हो. जौनपुरी रागाची कॅसेट.”

आली का पंचाईत! देवस्थळींचा चेहरा पार उतरला.

“होती ना… घरी होती. म्हणजे माझी नव्हे, आईची. स्वयंपाकघरात वाजायची. रेकॉर्डिंग जरा… शिवाय बाजू मधेच तुटते. म्हणून यादीत नाही…”

“तुटतेच मुळी! मेल्यांनी अंतऱ्याच्या मधोमध तोडली. फीत संपली म्हणे, उरलेलं दुसऱ्या बाजूला!” अक्का खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, “आई कशा आहेत?”

“नाही. गेली.”

“कधी?”

“आठ…” देवस्थळी म्हणाले, आणि कागदाची घडी घालत बसले.

अक्कांनी हात पुसले आणि भिंतीला टेकवलेला तंबोरा मांडीवर ओढला. ऊन चांगलं वर आलं होतं, जौनपुरीची वेळच होती. त्यांनी सूर लावला.

आवाज ऐंशीचा, वरच्या सुरावर थोडा फाटणारा. देवस्थळींना सवयीनं पहिल्या दोन मिनिटांत दोन चुका सापडल्या. तिसरी ते शोधत होते.

अस्थाई झाली. अंतरा सुरू झाला. पहिली ओळ वर चढली, दुसरी अर्ध्यावर आली…

आणि देवस्थळींचा उजवा हात उठला.

त्यांनी उचलला नव्हता. तो आपला आपणच उठला होता. एक गुडघा जमिनीवरून सुटला होता, अंगठा कुठलंसं बटण दाबायला निघाला होता. अक्का त्याच जागी थांबल्या. देवस्थळी आपल्याच हाताकडे बघत राहिले.

“आईचे हात कणकेत असायचे,” ते कसेबसे म्हणाले. “‘अंबू, बदल रे बाजू,’ असं ओरडायची. मी गृहपाठ टाकून धावायचो… आणि बाजू बदलून होईपर्यंत ती लाटणं तसंच धरून बसायची, अक्का. गाणं सुरू झाल्याशिवाय अर्धी पोळी पुढं लाटायची नाही.”

एवढं बोलले आणि त्यांना रडू कोसळलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण लाजबीज सगळी विसरून हमसून हमसून रडला. वीस रेकॉर्डींचा कागद मांडीवरून घसरून मेथीच्या देठांत जाऊन पडला, तेही त्यांना कळलं नाही. आई गेली त्या दिवशी पाहुण्यांना चहा पाजण्यात आणि फोन करण्यात दिवस गेला होता. रडायचं राहूनच गेलं होतं.

अक्कांनी समजूत घातली नाही. तंबोऱ्याच्या तारांवर तळहात ठेवून, अर्ध्या राहिलेल्या ओळीवर त्या तशाच बसून राहिल्या.

बराच वेळ गेला… हुंदके थांबले. देवस्थळींनी बाहीनं डोळे पुसले आणि वर पाहिलं.

“झाली का रे बदलून?” अक्कांनी विचारलं. “गाऊ पुढं?”