ट्रायपॉडचा तिसरा पाय

तळ्याकाठी माणसं धुणं सोडून कॅमेरे घेऊन यायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. धनंजयरावांचा म्हातारा ट्रायपॉड दर रविवारी चिखलात उभा राहून पार थकला होता. समोर राखी बगळा एका पायावर उभा असे. मासा चोचीजवळ आला, की धनंजयराव पाण्यात खडा टाकत. फोटो म्हणे बगळा उडतानाच चांगला येतो.

"एका पायावर दमत नाहीस का रे?" ट्रायपॉडने एकदा विचारलं.

"उभं राहून नाही दमत. उपाशी उडून दमतो," बगळा म्हणाला. "घरट्यात दोन पिल्लं आहेत. आता ती ओरडतही नाहीत."

तेवढ्यात पाण्यात मासा चमकला. धनंजयरावांनी एक हात कॅमेऱ्यावर ठेवला, दुसऱ्याने खडा उचलला. जन्मात कधी न डगमगलेल्या ट्रायपॉडने आपला तिसरा पाय हळूच दुमडला. कॅमेरा सावरायला दोन्ही हात लागले, खडा चिखलात पडला आणि बगळ्याने मासा टिपला.

"हा आता कामातून गेला," म्हणत धनंजयरावांनी त्याला माळ्यावर टाकलं. नवा ट्रायपॉड येईपर्यंत बगळ्याची पिल्लं उडायला लागली होती.

म्हातारा माळ्यावर निवांत आडवा पडून आहे. पाय मात्र त्याने अजून सरळ केलेला नाही.