माझीही आहे

साळुंक्यांच्या राज्यात संध्याकाळी ज्याचे उत्तर आले तो आहे, आणि ज्याचे आले नाही तो हरवला, असे धरत. माळाच्या मधोमध एक जुना शिरीष होता आणि त्यावर साळुंक्यांचा थवा राहत असे. दिवस कलला की शेंड्यावरून थोरली साळुंकी हाळी देई, "कोण कोण आहे?" मग फांदीफांदीवरून उत्तरे येत, "मी आहे, मी आहे." एखादे उत्तर आले नाही, तर सगळा थवा शोधायला निघे. एवढी काळजी दुसऱ्या कुठल्याही झाडावर घेत नाहीत, असे साळुंक्या स्वतःच सांगत.

या काळजीला एक अपवाद होता. बाळपणाचा चिवचिवाट संपतो आणि मोठेपणाची शीळ अजून आलेली नसते, त्या अडनिड्या दिवसांत पिलाचा आवाज फुटका होतो. नर पिलाचा फुटला की "मोठा झाला हो" म्हणून त्याचे कौतुक होई. मादीचा फुटला की ते बरे दिसत नाही म्हणून तिला गप्प बसवत. शीळ येईपर्यंत तिच्या वतीने आईने उत्तर द्यायचे, अशी रीत होती. आई म्हणे, "मी आहे, माझीही आहे," आणि काम भागे.

रुंजी नावाच्या साळुंकीचा आवाज फुटला तेव्हा ती हसत होती. हसता हसता गळ्यातून करवतीसारखी खरखर निघाली आणि शेजारणींनी एकमेकींकडे पाहिले. "आता जरा गप्प राहायचं हं, बाई," आई म्हणाली आणि नवी अंडी उबवायला निघून गेली. रुंजी गप्प राहिली. पिलांच्या खेळात ती मोठी ठरे आणि मोठ्यांच्या गप्पांत लहान. दिवसच्या दिवस तिच्याशी कोणी बोलत नसे. तिला फार एकटे वाटे. आपण आहोत की नाही, अशी शंकाही कधी कधी मनात येई. पण संध्याकाळी आई सांगे की आहे, म्हणजे असणारच.

शिरीषाच्या बुंध्याशी एक बोका राहत असे. त्याने कधीकाळी एक साप मारला होता, तेव्हापासून थवा त्याच्या उपकारात होता आणि त्याला मानाने राखण्या म्हणत असे. अंगाने तो इतका जड, की वरच्या फांद्यांना पेलला नसता. तसा त्याने कधी प्रयत्नही केला नाही. तो नुसता ऐकत पडे. झाडावर कोण बोलते हे सगळ्यांनाच कळे. कोण बोलत नाही, हे फक्त त्याला कळे.

"रुंजे," एका दुपारी तो खालून म्हणाला, "बऱ्याच दिवसांत तुझा आवाज नाही गं ऐकला."

नाव घेऊन विचारणारा तो पहिलाच. रुंजीला भरून आले. "फुटलाय तो, काका," ती म्हणाली आणि लगेच चोच मिटली.

"मग काय झालं? मला तर आवडला. पण कान म्हातारे झाले बघ माझे. एक फांदी खाली येतेस का?"

ती आली. दुसऱ्या दिवशी आणखी एक फांदी उतरली. राखण्या मन लावून ऐके, मध्ये तोडत नसे, हसत नसे. रुंजी त्याला आईवरचा राग सांगे, स्वप्ने सांगे, काहीच नसेल तर उगीच बडबडे. तो एवढेच म्हणे, "वर कुणाला सांगू नकोस. आपलं हे बोलणंही बंद करतील." वारा सुटला की शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळत आणि खालचे बोलणे वर पोहोचत नसे. राखण्या नेमका वाऱ्याच्या वेळी हाक मारी. रुंजीला तो योगायोग वाटे.

एका संध्याकाळी ती सगळ्यात खालच्या फांदीवर उतरली. तिथली साल झिजून गुळगुळीत झाली होती आणि तिच्यावर नखांचे बारीक ओरखडे होते. रुंजीने पाय ठेवून पाहिला. ओरखडे तिच्याच मापाचे होते. भेगेत एक कोवळे तपकिरी पीस अडकले होते.

"काका, इथे आधी कोण बसायचं?"

राखण्या उठून उभा राहिला. तिने त्याला कधी उभे पाहिलेच नव्हते.

"मला वर जायचंय," ती म्हणाली.

"जा की. पण काय सांगशील वर? मी एक पाऊल तरी चढलो का? तूच आलीस एकेक फांदी उतरत."

ते खरे होते. शरमेने तिचे पंख उघडेनात.

वर हाळी सुरू झाली. एकेक उत्तर येत गेले, आणि त्यांत आईचा स्वच्छ, निश्चिंत आवाज आला, "मी आहे, माझीही आहे." हाळी पुढच्या फांदीवर गेली. आता आपल्याला शोधायला कोणी येणार नाही, हे रुंजीला लख्ख कळले.

"आई, मी तिथे नाहीये!"

वारा पडला होता. ती खरखर शेंड्यापर्यंत गेली. राखण्या झेपावला, पण तोवर पंख उघडले होते. त्याच्या पंजात शेपटीची पिसे तेवढी राहिली.

"पोर घसरत होती," तो खालून शांतपणे म्हणाला. "धरायला गेलो, तर शेपटीच हाती आली."

"उपकार झाले तुमचे," थोरली म्हणाली. मग ती रुंजीकडे वळली, "हाळीच्या वेळी असं ओरडतात का गं?"

आई रुंजीच्या उघड्या शेपटीकडे पाहत राहिली, आणि मग कितीतरी वेळ खाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरलीने विचारले, "कोण कोण आहे?" रुंजीची आई म्हणाली, "मी आहे," आणि थांबली.

"पुढे?" थोरलीने विचारले.

"तिचं ती सांगेल."

फांद्यांवर चुळबुळ झाली. मग करवत ओढावी तसा आवाज आला, "मी आहे." कोणीतरी खाकरले. थोरलीने मान फिरवली आणि हाळी पुढे नेली.

पलीकडच्या फांदीवर एक साळुंकी डोळे मिटून बसली होती. तिने नेहमीच्या सवयीने म्हटले, "मी आहे, माझीही आहे." म्हणून झाल्यावर काय वाटले कोण जाणे, तिने डोळे उघडून शेजारी पाहिले. शेजारी कोळ्याने जाळे विणले होते, आणि त्या जाळ्यावर धूळ साचली होती.