गोजरा बुरडीण आणि तवनाप्पा शेटचा हत्ती

पाय पांघरुणात घ्या बरं आधी. घेतले? आता कुणी चुळबुळ करायची नाही.

केवडानगरात एक बुरडीण राहायची. तिचं नाव गोजरा. बांबू चिरायची, त्याच्या पातळ कांबी काढायची, सुपं विणायची, टोपल्या विणायची. तिच्या टोपलीतून मोहरीचा दाणा गळायचा नाही, बरं का! घरात दोघीच. गोजरा आणि तिची म्हातारी सासू. त्या पावसाळ्यात सासू अंगणात घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. वैद्यानं पाला बांधला नि बजावलं, "दिवाळीपर्यंत बाज जागची हलवू नका. हलवलीत, तर म्हातारी पुन्हा उभी राहायची नाही."

घर मात्र भाड्याचं. तवनाप्पा शेटचं. दर पुनवेला गोजरानं एक नवा हारा, म्हणजे ही एवढी मोठी टोपली, विणून शेटला द्यायचा. हेच भाडं. गुढीपाडव्याला दोघांची बोली झाली होती, की पुढच्या पाडव्यापर्यंत गोजरानं तिथं राहायचं.

मग एकदा काय झालं, शेटला हत्ती पाळायची हौस आली. हत्ती आला डुलत डुलत. पण त्याला ठेवायचा कुठं? उंच आढ्याचं घर एकच, गोजरा राहायची ते. शेट दारात येऊन म्हणाला, "गोजरे, घर रिकामं कर. हत्ती यायचाय."

गोजरा उंबऱ्यावरून हलली नाही. म्हणाली, "शेटजी, बोली पाडव्याची आहे. सासूची बाज हलवता येत नाही. मी जायची नाही."

आता त्या राज्यात एक कायदा होता. दर बाजाराला त्याची दवंडी पिटायचे, "घर ज्याचं त्याचं होऽ! पण राहत्या माणसाला उठवायचं, ते राजाच्या हुकमानंच होऽ!" सगळे ऐकायचे नि भाजी घ्यायला लागायचे. गोजरानं मात्र ते नीट कानात साठवलं होतं.

मग शेटनं काय केलं? आधी आपल्या मेव्हण्याला पाठवलं. मेव्हणा गोडबोल्या. चांदीचे तोडे पुढं ठेवून म्हणाला, "गोजराताई, हे पायात घाल, दाराशी गाडी उभी आहे, आजच नीघ." गोजरानं तोड्यांकडं पाहिलं. छान होते हो, खोटं कशाला बोलू! मग तिनं बाजेकडं पाहिलं. "दादा, तोडे घालून मी चालेन. माझी सासू कशी चालेल?" मेव्हणा तोडे घेऊन परत गेला.

शेट चिडला. त्यानं भाडं घेणंच सोडलं. पुनवेला गोजरा हारा घेऊन गेली, तर दार बंद. म्हणजे पुढं म्हणायला मोकळा, की ही भाडं देत नाही! पण गोजरा काय कमी होती? ती थेट चावडीवर गेली. आढ्याला हारा टांगला आणि मोठ्यानं म्हणाली, "लोकहो, हे माझं भाडं. शेट घेत नाहीत, म्हणून इथं ठेवलंय." पुढच्या पुनवेला दुसरा टांगला, त्याच्या पुढच्या पुनवेला तिसरा.

मग शेट डोंगरापल्याडच्या गारुड्याकडं गेला आणि मडक्यात भरून वारा आणला. गोजराच्या दारात मडकं फोडलं. अगं बाई! कौलं उडाली, सुपं उडाली, सासू कण्हायला लागली. गोजरानं तिच्यावर मोठी टोपली पालथी धरली नि ओरडली, "वाऱ्या, राजाचा हुकूम आणलायस का?"

वारा गडबडला. "हुकूम? मला तर नुसतं मडक्यात कोंबलं."

"मग हुकमावाचून लोकांच्या घरात शिरतोस?"

वारा शरमला. धड कौलं पुन्हा छपरावर ठेवली नि गेला.

शेवटी शेटनं हत्तीच आणला. "पाड भिंत!" हत्तीनं भिंतीला डोकं लावलं. माती भुरभुरली. गोजरा पुढं होऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "गजराज, राजाचा हुकूम आहे का?"

हत्तीनं शेटकडं पाहिलं. शेट पागोटं सावरत दुसरीकडंच बघायला लागला. "नाही वाटतं," हत्ती म्हणाला. "माझं अंग मोठं आहे बाई, पण मी राजाहून मोठा नाही." आणि बसला की हो रस्त्यातच! शेटनं शेपटी ओढली, पण तो उठतोय कसला!

गोजरानं मनाशी म्हटलं, आज हत्ती थांबला, उद्या आणखी काय येईल? शेजारच्या कोंडाकाकूंना सासूपाशी बसवलं आणि पायी चालत राजाच्या दरबारात गेली. राजानं शेटलाही बोलावलं.

शेट म्हणाला, "महाराज, घर माझं. वर ही भाडंही देत नाही."

तेवढ्यात केवडानगरची माणसं आली. कुणी न सांगता, चावडीवरचे तिन्ही हारे डोक्यावर घेऊन आली. शेटची मान खाली गेली.

राजा म्हणाला, "शेट, घर तुझंच आहे. पण बोली संपेपर्यंत गोजरा तिथंच राहील. पुढं घर हवं झालं, तर आधी माझ्याकडं ये, कारण सांग, तिचंही म्हणणं मी ऐकेन. आणि फुटकी कौलं तू नवी घाल."

मग गोजराकडं वळून म्हणाला, "बाई, धीराची आहेस. वाड्याशेजारी तुला घर देतो. फुकट राहा."

गोजरानं हात जोडले. "नको महाराज. मी कष्टाचं भाडं देते नि ताठ मानेनं राहते. तेवढं पुरे."

अख्खा दरबार उठून उभा राहिला, बरं का! एका बुरडिणीसाठी!

दिवेलागणीला गोजरा घरी पोचली. सासूनं बाजेवरूनच विचारलं, "काय म्हणाला गं राजा?"

"आत्याबाई, राजा म्हणाला, घरी जा." गोजरानं पदरानं घाम टिपला. "म्हणून घरी आले."

मग शेटनं कौलं घातली. हत्तीसाठी चिंचेखाली मांडव घातला, आणि हत्तीला तो भारी आवडला. दिवाळीला सासू काठी टेकत अंगणात आली नि तिनं स्वतः पणती लावली. सगळे आपापल्या जागी सुखानं राहिले. आता तुम्हीही मिटा डोळे.