कौतिकेचा चुडा

ते बघा, कमळाच्या पानांमागे. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. हळदी-कुंकू बदक म्हणतात त्याला. पंख उघडू द्या... दिसला ना हिरवा पट्टा? आमचे आंबेटोल्याचे मासेमार ढिवर सांगतात, हा रंग या पाखरांना उपजत नव्हता.

फार जुनी गोष्ट. डोमा ढिवर आणि त्याची बायको कौतिका याच तलावाच्या काठाला राहत. तिची दोन लेकरं अंगावर पीत असतानाच गेली. तेव्हापासून पिल्लंवालं बदक धरायचं नाही, असं तिनं डोमाकडून तलावाचं पाणी हातात देऊन वदवून घेतलं होतं. पण एका आश्विनात गाव-तलावाचा मालक असलेल्या मालगुजाराकडे पाहुणे आले आणि बदकांचा हुकूम सुटला.

"पिल्लं अजून उडत नाहीत जी," कौतिका म्हणाली.

"हुकूम मोडला तर इथं राहू देतील का व आपल्याला?"

ती उठून चुलीपाशी गेली.

सकाळी दाट धुकं होतं. कौतिका घरात दिसली नाही. आंघोळीला गेली असेल, असं डोमाला वाटलं. कमळांत थवा कुजबुजत होता. आवाजाच्या रोखानं त्यानं दगड बांधलेलं जाळं फेकलं आणि बांबूनं पाण्याखाली दाबलं. धडपड थांबेपर्यंत दाबून धरायचं, अशीच रीत होती. त्या दिवशी धडपड फार वेळ चालली. मोठी शिकार लागली म्हणून तो हसला, म्हणे.

मग त्यानं जाळं ओढलं. एकही बदक नव्हतं. कौतिका होती.

थव्याला उठवायला ती पोहत पुढे गेली होती. दोन्ही हातांनी तिनं जाळं फाडून ताणून धरलं होतं. बोटं तशीच अडकलेली. मनगटं उघडी. आदल्याच दिवशी भरलेल्या हिरव्या चुड्यातलं एक कांकण उरलं नव्हतं. पिल्लं कमळांत शिरली होती, वर बदकं घिरट्या घालत होती आणि प्रत्येकाच्या पंखावर हिरवं चमकत होतं. तिच्या हातांमधून घासत निसटताना तो रंग लागला, असं सांगतात.

डोमा पुढे पुष्कळ जगला. जाळं मात्र त्यानं धरलं नाही. काठावर बसायचा, कुणी जाळं उचललं की धावत जाऊन हात धरायचा.

आजही या तलावावर जाळं फेकण्याआधी ढिवर पाण्याकडे तोंड करून विचारतो, "कोण आहे व?" मीही विचारतो. उत्तर येत नाही. तरी थोडं थांबतो.