काजळीची मालकीण

“दिवे पुसायला पगारी माणूस कशाला? बंद करा ते काम!” कारभारी त्रिंबकपंत भर दरबारात म्हणाले. झालं! म्हाताऱ्या सटवाजीची नोकरी गेली. आता वाड्यामागची खोलीही जाणार.

सटवाजी मान खाली घालून उभा राहिला. त्याची मुलगी येसू मात्र तडक पुढे आली.

“महाराज, दिवे मी पुसते. पगार नको. खोली राहू द्या आणि काजळी मला द्या!”

दरबार खो खो हसला.

“पोरी, या वाड्यात आमचे केस पिकले,” पंत म्हणाले. “काजळीनं कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही.”

“दिव्याखाली कधी वाकून पाहिलंत का, पंत?”

भूपालराजे हट्टी. ते म्हणाले, “वाड्यातल्या सगळ्या दिव्यांची काजळी तुझी! आजची, उद्याची, सगळी. पण राजपुत्राच्या बारशापर्यंत मी स्वतः तुझ्या दारी काजळी मागायला आलो पाहिजे. नाही आलो, तर बापाला घेऊन चालू लाग!”

“आणि आलात तर?”

“मागशील ते देईन!”

बारशाचा दिवस उजाडला. पाळणा सजला, पाहुणे जमले. पण राणीसाहेब बाळाला बाहेर आणेनात!

“घरच्या दिव्याच्या काजळीची तीट लावल्याशिवाय या घराण्यातलं मूल पाहुण्यांसमोर येत नाही. तीट कुठंय?”

दासी धावल्या. एकूण एक दिवा लख्ख! पंतांनी घाईघाईनं नवा दिवा पेटवून त्यावर चांदीची वाटी धरली. बोटभर काजळी जमली, तोच येसूनं वाटी उचलली.

“आजची, उद्याची, सगळी! विसरलात?”

“अगं, मग दे ना!”

“मागायला कोण येणार होतं, पंत?” म्हणत ती वाटी घेऊन खोलीकडे पळालीसुद्धा.

आतून बाळानं भोकाड पसरलं. पाठोपाठ राणीसाहेबांचा आवाज, “महाराज, अजून इथंच?”

महाराज निघाले, मागोमाग पंतही. मागचं अंगण ओलांडून खोलीशी आले.

“वाकून या हं, चौकट बुटकी आहे!”

महाराज वाकले. “येसूबाई, बोटभर काजळी द्या.”

येसूनं काजळी तुपात कालवून वाटी पुढे केली आणि एक बोट महाराजांच्या गालालाही टेकवलं. “तुमच्या हट्टाला दृष्ट नको लागायला!”

महाराज हसतच सुटले. “माग, काय हवं ते!”

“खोली बाबांची कायमची. वाड्याची काजळी माझी कायमची. आणि हे लिहून द्या!”

पंतांनी बोरू दौतीत बुडवला. कोरडा!

“शाईच नाही, महाराज. शाई घोटणारा म्हणतो, काजळी मिळत नाही...”

“मग मागा की, पंत!” येसू म्हणाली. “पण वाकून हं!”

महाराजांना हसता हसता ठसका लागला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि येसूच्या काळ्याकुट्ट हातात घातलं.